डाव्या पायाची दुमड

"दुखत नसलं तरी यायचं," सांध्यांचे डॉक्टर तिच्याकडे बघून म्हणाले. सासूबाईंकडे बघून नव्हे, तिच्याकडे. सासूबाई तपासणीच्या उंच खाटेवरून उतरून पायानंच चपला चाचपत होत्या, आणि घरात तारखा लक्षात ठेवणारी बाई कोण, हे डॉक्टरांनी बरोबर हेरलं होतं. "वर्षातून एकदा. एक्स-रेचा फोटो काढायचा, जरा चालून दाखवायचं, घरी जायचं."

"पण त्यांना दुखतच नाही," ती म्हणाली. "जिने चढतात, मशीन चालवतात. माझ्यापेक्षा भरभर चालतात."

"आत्ता तुमच्यापेक्षा सगळेच भरभर चालणार." तिच्या सातव्या महिन्याच्या पोटाकडे बघून डॉक्टर हसले आणि मग हसू आवरून म्हणाले, "हे बघा, बसवलेला खुबा सैल व्हायला लागला, की आधी गप्प असतो. बोलायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. आणि बोलतो तोही आडून. मांडी दुखते, गुडघा दुखतो. बसून उठलं की पहिली दोन-चार पावलं जड जातात, मग मोकळं वाटतं. मोकळं वाटतं म्हणून माणूस गप्प बसतो आणि आपण म्हणतो, वय झालं."

तिनं मान डोलावली. खरं तर तिचं लक्ष घड्याळाकडे होतं. खालच्या मजल्यावर तिची स्वतःची तपासणी होती. बाहेर आल्या आल्या ती सासूबाईंना म्हणाली, "दुखत नसताना दवाखान्यात जायचं म्हणजे पाऊस नसताना छत्री उघडून बसायचं."

"आणि वर लोकांनी विचारायचं, काय हो मावशी, कुठं गळतंय?" सासूबाई म्हणाल्या.

दोघी हसल्या. ती तर पोट धरून हसली. पुढे त्या हसण्याची तिला जितकी लाज वाटली, तितकी आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटली नाही.

सासूबाईंचा डावा खुबा बदलून तेव्हा बरीच वर्षं झाली होती. ती या घरात यायच्या आधीची गोष्ट. तिच्या दृष्टीनं तो खुबा म्हणजे घरातल्या जुन्या कपाटासारखा होता; कुणी कधी आणला ते माहीत नाही, उघडतंय, मिटतंय, बास. त्या वर्षी बाळंतपण आलं, पुढच्या वर्षी दुपटी, लशी, दात आले. तपासणीची तारीख एकदा फोनवर वाजली. तिनं ती पुढे ढकलली. मग पुन्हा वाजली नाही, कारण पुढे कधीवर ढकलली हेच तिनं नीट बघितलं नव्हतं.

मुलगी झाली. गुबगुबीत, म्हणून सगळे तिला ढब्बू म्हणू लागले. ढब्बूकडे मात्र तिचं लक्ष डोळ्यांत तेल घालून होतं. ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दिवसभर काचपट्टीवरच्या थेंबात न दिसणारं शोधायचं, ही तिची नोकरी, आणि घरी आल्यावरही ती सुटायची नाही. ढब्बू नेहमीपेक्षा एक घास कमी जेवली, तिची झोप पुढेमागे झाली, डाव्या कानाला हात लावला, सगळं तिच्या ध्यानात यायचं. नवरा छापखान्यात पाळीवर जायचा. तो म्हणायचा, "तू पराचा कावळा करत नाहीस. तू कावळ्यांची शाळा भरवतेस."

"भरवू दे रे," सासूबाई म्हणायच्या. "आईनं नाही भरवायची तर कुणी?"

सासूबाईंना सगळी गल्ली शिवणवाल्या मावशी म्हणायची. नवे कपडे शिवणारे पुष्कळ असतात. घेतलेले कपडे अंगाला बसवून देणाऱ्या त्या एकट्याच होत्या. खिडकीशी त्यांचं पायाचं मशीन असे, शेजारी टाचण्यांची गादी, आणि दारात गिऱ्हाईक उभं राहिलं की फितीला हात घालायच्या आधीच त्यांना कळे, की याचा उजवा खांदा उतरता आहे, हिची कंबर एका बाजूला कललेली आहे. "माणूस दोन्हीकडून सारखा नसतोच," त्या म्हणायच्या. "अंगावर कापड सारखं दिसायला हवं असेल, तर कापड असमान कापायचं. तेवढंच तर काम आहे आमचं." हे वाक्य तिनं इतक्यांदा ऐकलं होतं, की ते तिला ऐकूच येत नव्हतं.

ढब्बू रांगायला लागली त्या सुमारास शेजारच्या इमारतीत एक आजोबा नातवाला घेऊन पायरीवर घसरले. मुलाला खरचटण्यावर निभावलं. त्या दिवशी जेवताना ती तावातावानं म्हणाली होती, "मी तर स्पष्ट सांगते, ज्याचा पाय जरा जरी लटपटतोय ना, त्याच्या हातात मी ढब्बूला देणार नाही. मग माणूस कितीही घरातलं असो."

नवरा म्हणाला, "म्हणजे मी सर्दीतसुद्धा घ्यायची नाही, पाय लटपटला तरी नाही. मग घेऊ कधी?"

सासूबाई ताट उचलायला उठल्या. उठताना नेहमीसारखं म्हणाल्या, "चला बाई."

त्यानंतर काही दिवसांनी ती धुणं वाळत घालत होती. सासूबाई घरात लांब झगा आणि खाली सुती पायजमा घालायच्या. दोरीवर पायजमा टाकला, कंबर सारखी केली, तर डावा पाय उजव्यापेक्षा आखूड. फार नाही, बोटभर.

"आई, हे बघा काय शिवलंय तुम्ही! एक पाय वर, एक खाली."

सासूबाई ढब्बूला भरवत होत्या. चमचा थोडा वेळ हवेतच राहिला. ढब्बूनं चोच पुढे केली तेव्हा कुठे तो तिच्या तोंडात गेला.

"हो का? चुकलं असेल."

"तुमच्या हातून?"

"आता नजर काय पूर्वीची राहिलीये?"

पुढच्या धुण्यात दुसरा पायजमा निघाला, तोही तसाच. मग तिसरा. ती दोरीशी उभी राहून मनातल्या मनात गणित मांडू लागली. नजर गेली. नजर गेली म्हणजे सुई खाली पडली तर दिसणार नाही. सुई जमिनीवर, ढब्बू जमिनीवर, आणि ढब्बूचा हात हाती लागेल ते तोंडात. त्याच आठवड्यात मशीनच्या पायाशी तिला एक टाचणी सापडली. ढब्बूच्या आधी सापडली एवढंच. रात्रभर तिला झोप आली नाही.

दोन दिवसांनी गणवेशवाला आला. शाळेच्या गणवेशांचं त्याचं दुकान होतं. आखूड-लांब करायचे कपडे तो वर्षानुवर्षं मावशींकडे टाकायचा. तिनं त्याला दारातच अडवलं.

"काका, आता आईंना काम देऊ नका. त्यांची नजर अधू झालीये. स्वतःचे कपडेसुद्धा वेडेवाकडे शिवतात."

"मावशी?" त्यानं गठ्ठा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "अहो, मागच्या खेपेच्या कामात एक टाका इकडचा तिकडे नव्हता."

"कळेल हो हळूहळू. शिवाय घरात लहान पोर आहे. सुया, टाचण्या..."

"तुमच्या घरातलं तुम्हाला ठाऊक," तो म्हणाला आणि गठ्ठा घेऊन परत गेला.

ती वळली. मागे सासूबाई ढब्बूला उजव्या कडेवर घेऊन उभ्या होत्या.

"ऐकलंत का?"

"ऐकलं."

"आई, मला तुम्हाला दुखवायचं नव्हतं. पण..."

"दुखवण्यासारखं काय आहे त्यात? बरोबर बोललीस." सासूबाईंनी ढब्बूच्या केसांतला एक दोरा काढला. "मशीनवर झाकण घालून टाक. हिलाच आता दोन्ही हात लागतात. तूही नोकरीवर पूर्ण वेळ जा. अर्धा दिवस काम आणि अर्धा दिवस काळजी, असं किती दिवस करणार?"

तिला सुटल्यासारखं झालं. खोटं कशाला बोला, आनंदच झाला. सोमवारपासून ती पूर्ण वेळ जाऊ लागली. ढब्बू दिवसभर आजीच्या कडेवर. खिडकीशी, जिन्यात, अंगणात. संध्याकाळी ती घरी आली की ढब्बू पोटभर जेवलेली, अंघोळ झालेली, हसरी असायची. "आमच्याकडे ना, आई आहेत," ती प्रयोगशाळेतल्या बायकांना सांगायची, आणि त्या सुस्कारा टाकायच्या.

ढब्बू चालायला लागली आणि कावळ्यांची शाळा पुन्हा भरली.

पोर चालायची छान, पण बसून उठली की काहीतरी बिनसायचं. आधी एक हात डाव्या मांडीवर ठेवायची. मग क्षणभर तशीच उभी राहायची. मग एक पाऊल जपून, दुसरं ओढत, आणि तिथून पुढे जी सुटायची ती थेट दारापर्यंत. तिनं नवऱ्याला दाखवलं.

"अगं, शिकतेय ती. सगळी पोरं अशीच वेडीवाकडी चालतात."

"रोज तसंच? त्याच पायाला हात लावून?"

"तुला सुतावरून स्वर्ग गाठायचा असतो."

तिनं सासूबाईंना विचारलं, "आई, तुम्ही दिवसभर असता हिच्याजवळ. तुम्हाला काही दिसतं का?"

सासूबाईंनी ढब्बूकडे बघितलं. ढब्बू उठली, मांडीवर हात ठेवला, थांबली. सासूबाईंचा चेहरा एकदम पडला. तिनं त्याचा अर्थ असा घेतला, की आजीलाही काळजी वाटली.

"दाखवून घे डॉक्टरांना," त्या हळूच म्हणाल्या. "उगाच जीव टांगणीला कशाला?"

मुलांच्या डॉक्टरांकडे तिघी गेल्या. सासूबाई म्हणाल्या, "मी बाहेर बाकावर बसते, आत गर्दी नको." डॉक्टरांनी ढब्बूला टेबलावर निजवून पाय वाकवले, फिरवले, टाचा जुळवून पाहिल्या. ढब्बूनं त्यांचा चष्मा ओढला. मग त्यांनी तिला कोपऱ्यातल्या छोट्या खुर्चीवर बसवलं, खोलीच्या दुसऱ्या टोकाला एक लाल चेंडू ठेवला आणि म्हणाले, "आण बघू."

ढब्बू उठली. डावा हात मांडीवर. थांबली. आणि खोलीभर ऐकू जाईल असं म्हणाली, "तला बाई."

डॉक्टर आधी हसले. ढब्बू ओढत दोन पावलं चालली, मग धावत जाऊन तिनं चेंडू पकडला.

"पुन्हा."

पुन्हा तसंच. हात, थांबणं, तला बाई, दोन पावलं, धाव.

"हिला काही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "पाय उत्तम आहेत. ही नक्कल करतेय. घरात 'चला बाई' कोण म्हणतं?"

"सासूबाई." तिलाही हसू आलं. "उठताना सवय आहे त्यांना."

"आणि उठल्या उठल्या चालायला लागतात, की थांबतात?"

तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. ढब्बूला पहिला दात कुठल्या वारी आला, हे ती झोपेतून उठवलं तरी सांगू शकली असती. पण रोज समोर उठणारी-बसणारी बाई उठून थांबते की नाही, हे तिला सांगता येईना.

डॉक्टरांनी दार उघडलं. "आजी, जरा आत येता का?"

सासूबाईंनी वर पाहिलं. दारात डॉक्टर, डॉक्टरांच्या मागे सून, सुनेच्या पायाशी चेंडू धरलेली नात. उठण्यावाचून इलाज नव्हता. त्यांनी बाकाच्या कडेला सरकून उजव्या पायावर भार घेतला. डावा हात मांडीवर गेला. त्या उभ्या राहिल्या आणि थांबल्या. या वेळी त्या "चला बाई" म्हणाल्या नाहीत. ते ढब्बूनंच म्हटलं, आतून, टाळी वाजवत.

मग एक पाऊल जपून. दुसरं ओढत.

ती बघत राहिली. इतकी वर्षं एका घरात राहून सासूबाईंना चालताना ती पहिल्यांदाच बघत होती.

सांध्यांचे डॉक्टर पूर्वीचेच होते. त्यांनी तिला ओळखलं की नाही, कुणास ठाऊक; "मी तेव्हा म्हणालो होतो" असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं, निदान तिला बोलणी बसल्याचं समाधान मिळालं असतं. त्यांनी फोटो उजेडात धरला. हाडाच्या आत धातूचा दांडा पांढरा शुभ्र दिसत होता.

"ही दांड्याच्या कडेनं गेलेली काळी रेघ बघा. दांडा आणि हाड इथं एकमेकांना धरून असायला हवेत. ते सुटलेत. सांध्याची वाटी असते ना, तिच्या आतलं अस्तर वर्षानुवर्षं झिजतं. त्याचे बारीक कण सुटतात आणि त्यांच्यामुळे आजूबाजूचं हाड विरत जातं. हाड विरलं की दांडा हलतो, हळूहळू खाली बसत जातो." त्यांनी सासूबाईंना निजवून दोन्ही टाचा जुळवल्या. "आणि दांडा खाली बसला, की पाय आखूड होतो. हा बघा. आजी, तुम्हाला कधीपासून जाणवत होतं?"

"असेल थोडंफार," सासूबाई छताकडे बघत म्हणाल्या. "वय झालं."

टाचा जुळत नव्हत्या. डावी वर होती. बोटभर नव्हे, चांगली दोन बोटं. आणि तिच्या डोळ्यांसमोर दोरीवर वाळत घातलेले पायजमे एकामागून एक हलू लागले.

"आधी आलो असतो तर?" तिनं विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "दोनेक वर्षांपूर्वी कदाचित नुसतं अस्तर बदलून भागलं असतं. कदाचित, हं. आता सगळाच सांधा काढून पुन्हा बसवावा लागेल, आणि हे ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असतं. हाड किती उरलंय, त्यावर पुढचं. आधी रक्त तपासू, आत संसर्ग नाही ना ते पाहू. आणि तोवर वजन उचलायचं नाही. अजिबात."

"मुलीला कडेवर घेऊन... दिवसभर... त्यानं झालं का?"

"त्यानं झालं असं नाही म्हणणार मी. झिजणारं झिजतंच." त्यांनी फोटो पाकिटात घातला. "भर पडली नसेल, असंही नाही म्हणता येणार."

घरी आल्यावर ढब्बू झोपली. सासूबाई खुर्चीत बसल्या, ती समोर जमिनीवर बसली. दोघींमध्ये झाकण घातलेलं मशीन होतं.

"आई, तुमच्या डोळ्यांना काय झालंय?"

"काही नाही. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या सदऱ्याचं दुसरं बटण तुटलंय. बघ हवं तर."

तिनं बघितलं. सदरा दिसत होता, बटण तिला दिसेना.

"मग तेव्हा नजर गेली असं का म्हणालात?"

"तूच विचारलंस, तुमच्या हातून कसं चुकलं. पायजमा चुकला नव्हता गं. त्याचा डावा पाय जमिनीवर लोळायला लागला होता. ढब्बू कडेवर असताना पायात आला असता तर? म्हणून वर घेतला."

"पण सांगायचं ना! मी दवाखान्यात नेलं असतं. मी..."

"पाय आखूड होतोय असं सांगितलं असतं," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "तर ढब्बूला माझ्या हातात दिली असतीस?"

"दिली असती" म्हणणं खोटं होतं आणि "नसती दिली" म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती.

"नसतीच," सासूबाईच म्हणाल्या. "आणि ते चूक नव्हतं. मी तुझ्या जागी असते तर मीही दिली नसती. म्हणून मग डोळे म्हणून टाकलं. काम गेलं ते गेलं. आयुष्यभर केलं की. नात काय आयुष्यभर कडेवर बसणार आहे?"

"तुम्ही माझ्यामुळे..."

"आता रडू नकोस, ती उठेल. अजिबात काही तुझ्यामुळे नाही, असं नाही म्हणत मी," सासूबाई म्हणाल्या आणि थोडं हसल्या. "पण सगळंच ओढून नेऊ नकोस स्वतःकडे. थोडं माझ्याकडेही राहू दे. खोटं मी बोलले."

ढब्बू जागी होऊन हाका मारू लागली. सासूबाईंचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर गेले, उठण्यासाठी. मग आठवण होऊन ते परत मांडीवर आले. ती उठली, ढब्बूला घेऊन आली आणि आजीच्या मांडीवर, उजव्या बाजूला नीट बसवून दिली. ढब्बूनं आजीचा कान धरला. इतकं सोपं होतं ते. बसल्या जागी मांडीवर द्यायचं. कडेवर की नाहीच, या दोन टोकांच्या मध्ये एक खुर्ची होती, आणि ती तिला तेव्हा सुचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती गणवेशवाल्याच्या दुकानात गेली. "काका, आईंची नजर चांगली आहे. मीच चुकीचं सांगितलं होतं."

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "पण घरचं माणूस सांगतंय म्हटल्यावर... मग पाठवू काम?"

"आत्ता नको. पायाचं ऑपरेशन आहे. बऱ्या झाल्या की."

घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "नजर गेल्याचं सगळ्या गल्लीला कळलंय. आता नजर आल्याची दवंडी पिटायला तू कुठं कुठं फिरणार?"

"घरोघर फिरेन."

"फिर. तुझे पाय धडधाकट आहेत."

रक्तात संसर्ग निघाला नाही. दवाखान्यात दाखल व्हायच्या आदल्या दुपारी सासूबाई पलंगावर टेकून बसल्या होत्या आणि ती त्यांची पिशवी भरत होती. पायजमे पिशवीत जाताना त्या म्हणाल्या, "थांब. ते असे नको नेऊस. डावीकडची दुमड उसव."

"आत्ता? कशाला?"

"डॉक्टर म्हणाले ना, नवीन सांधा बसवताना जमलं तर पाय सारखा करू? मग उठल्यावर मी काय एक पाय वर, एक खाली, अशी चालू? लोक म्हणतील, शिवणवालीचा पायजमा बघा." मग त्या म्हणाल्या, "आणि नाहीच जमलं, तर पुन्हा घेऊ वर. कापड कापलेलं नाही मी."

तिनं मशीनचं झाकण काढलं. खणातून टाके उसवायचं टोकदार हत्यार घेतलं आणि पलंगाच्या कडेला बसली. शिवणकामातलं तिला काही येत नव्हतं.

"ओढू नकोस. एक सोडून एक टाका काप, दोरा आपोआप निघतो. हं, असा."

दुमड उलगडली. आतलं कापड बाहेरच्यासारखं विटलेलं नव्हतं. घेतलं तेव्हा होतं तसं निळं होतं. आणि त्या निळ्यावर एकाखाली एक टाक्यांच्या भोकांच्या बारीक रेघा होत्या. पाय थोडा आखूड झाला, थोडं वर घेतलं होतं. आणखी आखूड झाला, ते उसवून आणखी वर. प्रत्येक रेघ सरळ, टाका टाक्याशी जुळलेला. ज्या महिन्यांत ती ढब्बूची उंची भिंतीवर पेन्सिलीनं मांडत होती, त्याच महिन्यांतल्या या रेघा.

तिनं इस्त्री तापवली. पाणी शिंपडून एकदा फिरवली, दोनदा फिरवली. कापड खाली आलं, पाय सारखे झाले, पण रेघा गेल्या नाहीत.

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "त्या नाही जायच्या. लांबून दिसत नाहीत."

ढब्बू पलंगाला धरून उभी होती. ती खाली बसली, पुन्हा उठली, डावा हात मांडीवर ठेवला आणि आजीकडे बघत थांबली. या वेळी आजीनं मान हलवली. "नाही बाई. तू सरळ चाल."

तेव्हापासून ढब्बूच्या आईला एक खोड लागली आहे. कुणाच्याही घरी गेली की बोलता बोलता तिचं लक्ष उठणाऱ्या माणसाकडे जातं. लोकांना वाटतं, हिचं बोलण्यात चित्त नाही. तुम्ही भेटलात तर तुम्हालाही ती विचारेल, घरी कोण कोण असतं, आणि मग जरा संकोचून एवढंच सांगेल: आज घरी गेलात की हातातलं खाली ठेवा. घरातलं वडीलधारं माणूस खुर्चीतून उठेल तेव्हा "काय होतंय?" असं विचारू नका. "काही नाही" म्हणेल. नुसतं बघा. पहिली दोन पावलं बघा.